हाकेला ओ

झाशीच्या जुन्या वस्तीत माकडं आणि इंटरनेटच्या तारा एकाच गच्चीवर नांदतात, त्यामुळे नेट गेलं तर इथे कुणी फारसं मनाला लावून घेत नाही. लिनक्सवाला संगणक मात्र रीतसर चौकशीला बसतो, आणि ती चौकशी घरापासून सुरू होते. पहिली हाक 127.0.0.1 ला, म्हणजे स्वतःलाच: आहेस का? मिलिसेकंदाच्या अंशात तोच उत्तर देतो: आहे. जगाशी संबंध तुटलेला असताना इतक्या तत्परतेने स्वतःला सापडणं माणसाला क्वचितच जमतं. मग हाक राउटरला, मग दूरच्या 8.8.8.8 ला. आकडा ओ देतो आणि नाव देत नाही, तेव्हा खोट नावावरून आकडा सांगणाऱ्या डीएनएसमध्ये. शेजारच्या मराठी वाड्यातल्या आजींचंही तसंच आहे: अमक्याचं घर, त्याची झिजलेली पायरी, दारातली तुळस, सगळं लख्ख आठवतं; नाव तेवढं ओठांवर येत नाही.

पिंग नावाची ही हाक माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये लिहिली. नाव घेतलं सोनारच्या आवाजावरून: पाण्यात ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. वाट पाहण्याचेही स्वभाव असतात. विंडोज चार हाका मारून गप्प बसतो. लिनक्स कुणी थांबवेपर्यंत हाका मारतच राहतो. मला हा दुसरा स्वभाव ओळखीचा वाटतो. 1857 मध्ये वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 1858 च्या वेढ्यात, तोफांचे गोळे पडत असताना, ते याच झाशीत होते. वरसईच्या माणसांनी हाक मारायची तरी कोणत्या पत्त्यावर? तरी रोज संध्याकाळी कुणीतरी वाटेकडे पाहिलंच असणार. भटजी अखेर परतले. मिळालेलं धन वाटेत लुटलं गेलं होतं, पण गंगेचं पाणी त्यांनी घरी आणलं. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक छापून यायला तर 1907 साल उजाडलं.

कंट्रोल-सी दाबलं की पिंग निमूटपणे हिशेब मांडतो: किती पाकिटं गेली, किती आली, किती टक्के वाटेत हरवली, उत्तराला किती वेळ लागला. तक्रारीचा रकाना त्यात नाही. वरसईच्या त्या एका पाकिटाचा वेळही मिलिसेकंदांत मांडायला हरकत नाही; आकडा जरा लांबेल, पण हरवल्याच्या रकान्यात शून्यच येईल.