हात काळे झालेच आहेत तर...

तात्यांना गाडी चालवण्याची फारशी हौस नाही. हौस आहे ती बॉनेट उघडण्याची. त्यांच्याकडे १९९६ सालची पांढरी मारुती एट हंड्रेड आहे. कंपनीने २०१४ साली ते मॉडेल बंद केलं, याचं त्यांना दुःख नाही. उलट आता तिची सगळी जबाबदारी आपल्या एकट्यावर येऊन पडली आहे, अशा चेहऱ्याने ते वावरतात. गाडी सुरळीत चालली की तात्या बेचैन. मग त्यांना आवाज येऊ लागतो. तो दुसऱ्या कुणाला येत नाही. ‘कान तयार लागतो,’ असं म्हणून ते रविवारी सकाळी अर्धी चड्डी चढवतात आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली येण्याजाण्याची वाट दिवसभरापुरती बंद होते.

पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर हा सगळा संसार जुन्या बाजारातून जमवलेला. सुटे भाग नाना पेठेतून. तिथे जाताना तात्या जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात, दुकानदाराने दिलेल्या नव्या पार्टाशेजारी धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळतात, आणि ‘ओरिजिनल ना?’ असं विचारतात. ‘नाही’ म्हणणारा दुकानदार त्यांना अजून भेटायचाय. उरलेलं साहित्य स्वयंपाकघरातून येतं. नरसाळं गेलं, ते परत आलं नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली की गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, वरून व्हॅसलिनचं बोट. त्यामुळे काकूंच्या ढोकळ्याचं भवितव्य बॅटरीच्या तब्येतीवर अवलंबून असतं.

पण तात्यांना काही येत नाही असं कुणी समजू नये. ऑइल बदलावं तर त्यांनीच. आधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं, तेल कोमट झालं की खालचा बोल्ट काढायचा, धार थांबून थेंबावर येईपर्यंत घाई करायची नाही. नव्या फिल्टरच्या रबरी वायसरला बोटाने तेल लावायचं आणि फिल्टर हातानेच आवळायचा. ‘इथे पाना लावला की पुढच्या वेळी छिन्नी लागते,’ हे वाक्य त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येकाला ऐकवलंय, गाडी नसलेल्यांनासुद्धा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते कधी शिरत नाहीत; लोखंडी स्टँड लावतात, मागच्या चाकांना दगड लावतात. निघालेलं काळं तेल गटारात सोडत नाहीत. ते कॅनमध्ये भरून गॅलरीत साठतं, तुळशीच्या शेजारी.

इथे थांबले असते तर तात्या थोर होते. पण तेव्हा जेमतेम साडेदहा वाजलेले असतात, आणि तात्या म्हणतात, ‘हात काळे झालेच आहेत तर...’

आजवरचे सगळे अनर्थ या अर्ध्या वाक्यातून निघाले. हात काळे झालेच आहेत तर कार्ब्युरेटर जरा साफ करू. हात काळे झालेच आहेत तर प्लग बघून घेऊ. एकदा त्यांनी प्लगच्या तिन्ही वायरी एकदम उपटल्या. तीन सिलिंडर, तीन वायरी. त्या सहा प्रकारे लावता येतात आणि त्यातला एकच बरोबर. तात्यांनी चुकीच्या प्रकारांपासून सुरुवात केली. गाडीने असा बार काढला, की पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दिवाळीला कोण कोण येणार म्हणून विचारलं.

‘मघाशी मधली वायर डावीकडे होती,’ काकू म्हणाल्या.

‘तू टॉर्च धर,’ तात्या म्हणाले.

काकूंचं खातं हेच. टॉर्च धरणे. भर दुपारीसुद्धा इंजिनाच्या पोटात अंधार असतो म्हणे.

‘अगं, कुठे धरलायस? मी बघतोय तिथे धर!’

‘तुम्ही कुठे बघताय ते मला कसं दिसणार? मधे तुमचं डोकं आहे.’

बिनपगारी नोकरीत काकूंची अशी बरीच वर्षं गेली. टॉर्च धरणाऱ्याला दुसरं काही काम नसतं, त्यामुळे तो बघत राहतो. ही गोष्ट तात्यांच्या ध्यानात आली नाही.

गेल्या लग्नसराईत दोघं साताऱ्याहून परत येत होते. शिरवळला चहाला थांबले आणि नंतर गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. तात्यांनी सफारीच्या बाह्या सरसावल्या. आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला, मग कॉइलवर. एक प्लग काढून नाकाशी धरला. चहावाला, त्याचा पोऱ्या आणि एक ट्रक ड्रायव्हर असे तिघे श्रोते मिळाल्यावर कार्ब्युरेटरचा इतिहास सुरू झाला.

काकूंनी आत बसून हेडलाइट लावून पाहिले. दिवे काजव्याएवढे. त्या पैठणीचा पदर खोचून खाली उतरल्या, बॅटरीचं टर्मिनल दोन बोटांनी हलवलं. ते गोल फिरलं.

‘दहा-अकराचा द्या,’ त्या म्हणाल्या.

तात्यांनी सवयीने ‘तुला काय कळतंय’ म्हणायला तोंड उघडलं; पण ट्रक ड्रायव्हरने तोवर पाना शोधून दिलाही होता.

‘आणि टॉर्च धरा. तिथे नाही. मी बघतेय तिथे.’

नट आवळला, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. पोऱ्याने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तात्या सांगत होते, ‘शिरवळला टर्मिनल सैल झालं होतं. दोन मिनिटांचं काम. फक्त टॉर्च नीट धरणारा माणूस पाहिजे.’