रेड्यांचं मतदान

थाई भाषेत 'ख्वाय' म्हणजे म्हैस, रेडा. आणि मठ्ठ माणूसही. बँकॉकच्या शिकल्यासवरल्या मंडळींनी ईशान्येकडच्या इसान प्रांतातल्या लाल शर्टवाल्या भातशेतकऱ्यांचं बारसं केलं ते हेच : लाल म्हशी. आमच्या पैठणच्या रेड्याने नुसते वेद म्हटले, तर शास्त्रीबुवांची वाचा बसली. इसानचे रेडे मत देत होते आणि २००१, २००५, २००७, २०११, दर खेपेला जिंकतही होते. शास्त्रीबुवांनी करावं काय?

बरं, रेड्यांचा लाडका पंतप्रधान थाक्सिन शिनावात काही फाटका माणूस नव्हे. टेलिफोनच्या धंद्यातला अब्जाधीश. २००६च्या जानेवारीत घरच्यांनी कंपनीतला वाटा सिंगापूरला ७३ अब्ज बाटांना विकला आणि कर भरला शून्य. त्याआधी २००३मध्ये त्याच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत अडीच हजारांच्या आसपास माणसं मेली होती. पण त्या वेळी शहरातल्या दिवाणखान्यांत चहा थंड झाला नव्हता. खरा गुन्हा वेगळाच : ३० बाटांत दवाखाना. गावच्या म्हातारीचा मोतीबिंदू सरकारी खर्चाने निघाला, म्हणजे मत विकलं गेलं! (करसवलत मिळाली की मात्र ती अर्थनीती.)

१९ सप्टेंबर २००६च्या रात्री स्वारी न्यूयॉर्कला असताना लष्कराने सत्ता घेतली. सकाळी बँकॉककरांनी रणगाड्यांना फुलं वाहिली आणि लेकराबाळांसह फोटो काढले. मग थाक्सिनविरोधी पिवळ्या शर्टवाल्यांनी तोडगा सुचवला : सत्तर टक्के खासदार नेमायचे, तीस टक्के निवडायचे. त्यांच्या संघटनेच्या नावात 'लोकशाही' हा शब्द होता, हे सांगायला नकोच. २००८मध्ये याच सभ्य लोकांनी सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर अडवून धरला. लाखो प्रवासी अडकले. त्याच वर्षी थाक्सिनच्या गोटातले पंतप्रधान समक सुंदरवेज यांना कोर्टाने घरी पाठवलं, कारण ते टीव्हीवर मानधन घेऊन स्वयंपाक करून दाखवत. २०१०मध्ये म्हशी शहरात आल्या आणि बड्या मॉलांच्या चौकात बसल्या. तेव्हा फुलं नव्हती. नव्वदहून अधिक माणसं मेली.

राहता राहिली ती तीस बाटांची लाच. २००६च्या सत्तांतरानंतर लष्कराने नेमलेल्या सरकारने ती योजना मोडली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. तिचे तीस बाटही माफ करून टाकले.