तात्यांची पाणीपातळी

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की "कसं काय" असं विचारत नाहीत, "किती फूट?" असं विचारतात. म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णा किती चढली? ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आमच्या घरात मात्र हा प्रश्न बारा महिने विचारला जातो आणि तो तात्यांविषयी असतो.

तात्या हा एक वाण आहे. कृष्णाकाठच्या कुठल्याही गल्लीत डोकावा, एक तरी सापडेल. आमच्या वाट्याला आलेले तात्या अंगानं किरकोळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. एक लिहायला, दुसरं कुणी मागितलं तर "नाही" म्हणायला. पेपर उशिरा आला की २० फूट, नुसती पुटपुट. भडंगात शेंगदाणे मोजकेच निघाले की ३५. कानाच्या पाळ्या लाल. ४० ला ते चष्मा काढून टेबलावर ठेवतात. हा अधिकृत इशारा समजून सखल भागातली वस्ती, म्हणजे मी आणि त्यांचा थोरला, गॅलरीत स्थलांतर करतो. ४५ ला इंग्रजी सुरू होतं.

मराठीत डोकं फिरतं, टाळकं सटकतं, अंगाचा तिळपापड होतो. पण हे सगळं घरगुती, असं तात्यांचं मत. जगावर रागवायचं तर इंग्रजीतच, आणि तेही पायरीपायरीनं. एसटी चुकली तर 'अँग्री'. चुकलेली एसटी डोळ्यांदेखत पुढच्या वळणावर थांबून दुसऱ्याला घेऊन गेली तर 'फ्यूरियस'. आणि त्याहीवरचा, ठेवणीतला शब्द म्हणजे 'लिव्हिड'. हा त्यांना विलिंग्डन कॉलेजात असताना डिक्शनरीत सापडला.

"लिव्हिड म्हणजे मुळात काळानिळा," ते समजावतात. "मार बसल्यावर वळ उठतो ना, तसा. रागानं माणूस निळा पडतो."

"पण तात्या, तुम्ही तर लाल दिसताय."

"अरे, ते गोऱ्यांचं झालं! आपल्या कातडीवर निळा कुठला उमटायला?"

एकदा दारापुढची गटार तुंबली म्हणून त्यांनी एका कचेरीत दोन पानी अर्ज दिला. पहिलंच वाक्य, 'आय अ‍ॅम लिव्हिड.' कारकुनानं पहिला शब्द नीट पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि अर्ज परत सरकवला. "रजेचे अर्ज आस्थापना विभागात. वरचा मजला." त्या दिवशी पातळी कुठवर गेली ते मोजायला जागेवर कुणी थांबलं नाही.

तात्यांचा राग मूळचा सांगलीचा नव्हे. कृष्णेसारखाच तोही वरून, सातारा जिल्ह्यातून येतो. गावाकडं थोरले बंधू आहेत, दादा. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. दादांच्यात किती मावतं ते अजून कुणी मोजलेलं नाही. कोयनेचं पाणी सोडलं तर सांगलीला पोचायला वेळ तरी लागतो. दादांचा विसर्ग फोनवरून होतो.

"तात्या, शेजाऱ्यानं बांधावरचा आंबा तोडला. तू तिथं बसून काय करतुयास?"

"व्हय दादा."

"सातबारा काढून ठेव म्हणलो हुतो."

"व्हय दादा."

"नुसतं व्हय दादा, व्हय दादा! तोंडात काय गूळ धरलायस?"

"व्हय दादा."

फोन खाली ठेवताच इकडं चष्मा टेबलावर. मग थोरल्याचा पगार, थोरल्याचे केस, थोरल्याची गाडी. थोरला तोंडातून ब्र काढत नाही. खोलीत जाऊन वायफायची डबी आपटतो. हा राग चढाला, उलटा साताऱ्याकडं गेल्याचं एकही उदाहरण नाही. कराडच्या संगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि लोक त्याला प्रीतिसंगम म्हणतात. वर्षातून एकदा दादा-तात्या त्याच कराडात एका लग्नात भेटतात. तिथंही भिडतात ते दादाच.

ह्या तापटपणाला तात्या इतिहासाचा आधार देतात. "रक्तातच आहे आपल्या. नाना पाटलांचं प्रतिसरकार कुठलं? ह्याच मातीतलं!" ते खरंच आहे. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून हा जिल्हा वेगळा निघाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. कागद बदलले, पाणलोट तेच राहिलं. फरक एवढाच, की त्या माणसांनी आपला राग ब्रिटिश साम्राज्यावर काढला. तात्यांनी काल तो गॅसच्या रेग्युलेटरवर काढला.

पूर का येतो, ह्याबद्दल तात्यांचा सिद्धांत अस्सल सांगलीकराचा आहे : अलमट्टी. खाली कर्नाटकात पाणी अडवतात, म्हणून फुगवटा इथं येतो. घरातली अलमट्टी म्हणजे काकू. तात्या तासभर गरजतात, काकू मेथी निवडत बसतात. ना उलट उत्तर, ना डोळ्यांत पाणी. फार झालं तर एक दार वीतभर उघडतं.

"अहो, आधी जेवून घ्या, मग ओरडा. आमटी निवायला लागलीय."

"बघितलंस?" तात्या माझ्याकडं वळतात. "ही समोरून चार शब्द बोलली असती तर पाणी केव्हाच वाहून गेलं असतं!"

२०१९ साली आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, सांगली बुडाली. त्या महापुराचा अभ्यास करायला सरकारनं वडनेरे समिती नेमली. समितीनं अलमट्टीवर ठपका ठेवला नाही. पात्रातली अतिक्रमणं आणि पूररेषेतली बांधकामं ह्यांच्याकडं बोट दाखवलं. तात्यांना तो अहवाल आजही मान्य नाही. मला आणि थोरल्याला मात्र गॅलरीत बसल्याबसल्या त्यातून घरचं कोडं उलगडलं.

नोकरीत होते तेव्हाही तात्यांकडं पाणी एवढंच होतं. पण सकाळी चार फूट शिपायावर जायचं, दुपारी सहा फूट फायलींवर, संध्याकाळी स्टँडवर मिरजेच्या गाडीची वाट बघताना आणखी पाच. घरी येईपर्यंत नदी पात्रात. निवृत्तीनंतर शिपाई गेला, फायली गेल्या, स्टँड गेलं. सगळा लोंढा दोन खोल्या, एक वॉशिंग मशीन आणि थोरल्याचं कपाट एवढ्या चिंचोळ्या वाटेनं जाऊ लागला. काकू निर्दोष होत्या. पात्र आक्रसलं होतं.

उपाय सापडायला मग वेळ लागला नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आम्हीच सेक्रेटरीपदासाठी तात्यांचं नाव सुचवलं. दुसरं नाव आलंच नाही. ते पद सोडायला आधीचे सेक्रेटरी इतके उतावीळ होते, की त्यांनी अनुमोदनही स्वतःच दिलं. आता तात्यांपुढं विस्तीर्ण मैदान आहे : पार्किंगमधल्या तिरक्या गाड्या, जिन्यातल्या चपला, रात्रभर चालू राहिलेली मोटर, थकलेला मेंटेनन्स. नोटीस बोर्डावर 'द अंडरसाइन्ड इज लिव्हिड' अशी ओळ आठवड्याला झळकते. वाचणारे ती सेक्रेटरींची पदवी समजतात. दादांचा फोन येतो, "व्हय दादा" होतं, तात्या चपला घालतात आणि थेट खाली उतरतात. घरची पातळी १५ फुटांवर स्थिरावलीय. थोरल्यानं केस वाढवलेत.

तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांनी मात्र पंचनामा आणि सानुग्रह अनुदानासाठी सोसायटीकडं रीतसर अर्ज केला होता. सेक्रेटरींच्या सहीनं तो फेटाळण्यात आला.