दिवा छातीत गेला, दाणे मिक्सरात

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, दाराआड आजी बसल्यायत. ते कोल्हापूरचं पोर हो, खेळण्यातल्या गाडीचा एलईडी दिवा छातीत गेलेलं! तीन वर्षांचं लेकरू, कितीतरी दिवस खोकतंय, धाप लागतेय, आणि औषधं चालली होती न्यूमोनियाची. शेवटी सीटी स्कॅन काढला तर दिवा! डाव्या श्वासनलिकेत रुतून बसलेला. मग आणलं पेडर रोडला, जसलोकमध्ये.

तर काल दुपारी गॅलरीत हाच विषय. दहा नंबरच्या वहिनी म्हणतात कशा, “एवढासा जीव, छाती उभी फाडली असणार!” केईएमची आपली सिस्टर केस विंचरत होती, ती हसली. “उभी कसली वहिनी, चार सेंटिमीटर!” आधी तोंडातूनच दुर्बीण घालतात म्हणे, ब्रॉन्कोस्कोपी. चिमट्यात वस्तू सापडली की बाहेर, छातीवर ओरखडासुद्धा नाही. परळच्या वाडियात नाही का, ते रत्नागिरीकडचं सात महिन्यांचं बाळ, खेळण्यातल्या मोबाईलचा दिवा... तो तसाच निघाला. हा कोल्हापूरचा मात्र दुर्बिणीला दाद देईना, म्हणून बरगड्यांमधून एवढीशी फट केली. वहिनींनी बोटावर चार सेंटिमीटर मोजून बघितले आणि गप्पच झाल्या.

तर काय सांगत होते... हां, अमेरिकावाल्या काकू. फिलाडेल्फियाचा लेक मध्ये आणल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. “आमच्याकडच्या म्युझियममध्ये एका डॉक्टरनं लोकांच्या नळ्यांतून काढलेल्या २,३७४ वस्तू आहेत. पिना, बटणं, नाणी!” आमच्याकडच्या! बाई एकदाच जाऊन आल्यायत. पण सिस्टर म्हणाली, खरंय, चेव्हलियर जॅक्सन त्यांचं नाव. झालं, काकू आणखीनच फुगल्या.

आणि इतका वेळ गप्प बसलेल्या आजी हळूच विचारतात, “शेंगदाणा गेला तर दिसतो का गो एक्स-रेत?”

सिस्टर म्हणाली, “दिव्यात धातू असतो, तो दिसतो. दाणा नाही दिसत. आणि पोरांच्या छातीत सारखा तोच सापडतो. फुगतो, नळी सुजवतो. खाताखाता एकदम ठसका लागला आणि मग खोकला हटेना, की आधी हेच बघायचं.”

अहो, आजींचा चेहरा! रोज संध्याकाळी आजोबा चिवडा गल्लीतून खारे दाणे आणतात, मांडीवरच्या नातवाच्या तोंडात एकेक घालतात, आणि ह्या कौतुकानं बघतात. सुनेनं कितीदा सांगितलं असेल! तर म्हणे, “आमची पोरं अशीच वाढली.” काल सूनबाई एक अक्षर बोलली नाही हं. नुसती कपडे वाळत घालत होती. पण चिमटे असे खटाखट लावत होती की...

संध्याकाळी पुडी आली ती आजींनी सरळ मिक्सरात ओतली. आजोबा बिचारे दारात उभे, “अगं, पण मला दात आहेत ना!”