कारण फार महाग पडतं

चाळिशी ओलांडलेला, घराचे हप्ते वेळेवर भरणारा आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या एका डब्यापायी साधारण सत्तर हजार रुपये मोजतो, तेव्हा त्याला वेडा ठरवून मोकळं होणं सोपं असतं. पण हा गृहस्थ वेडा नाही. तो चांगला हिशेबी आहे, आणि सगळी पंचाईत तिथंच आहे. मोर्शी-वरुडकडून शिकून पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागलेल्यांत तो सापडतो. आपण त्याला भाऊ म्हणू. वऱ्हाडात अनोळखी माणसालाही भाऊच म्हणतात, त्यामुळे कुणा एकाचं नाव घेतल्याचा दोष लागत नाही. भाऊंच्या बैठकीत दर्शनी भिंतीला काचेचं कपाट असतं आणि त्यात 'मिलेनियम फाल्कन' नावाचं करड्या रंगाचं अंतराळयान विराजमान असतं. डेन्मार्कच्या लेगो कंपनीनं २०१७ साली काढलेल्या या संचात ७,५४१ तुकडे आहेत आणि अमेरिकेत त्याची तेव्हाची किंमत ८०० डॉलर होती. पाहुण्यानं 'केवढ्याला पडलं?' असं विचारलं, की भाऊ एकूण आकडा कधी सांगत नाहीत. ते तुकड्याचा भाव सांगतात. साडेदहा सेंटला एक पीस, म्हणजे काहीच नाही! पाहुणा मनातल्या मनात गुणाकार करेपर्यंत भाऊ चहा मागवून मोकळे झालेले असतात.

या जातीच्या खर्चावर बोलताना लोक खेळण्याच्या किमतीवर बोट ठेवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. खेळणं महाग नाही, त्याच्यासाठी द्यावं लागणारं कारण महाग आहे. मोठ्या माणसाला खेळावंसं वाटलं तर 'मला खेळायचं आहे' एवढंच सांगायची आपल्याकडे सोय नाही. मग कारण शोधावं लागतं, आणि प्रत्येक कारण स्वतःचा वेगळा खर्च घेऊन येतं. मुलाचं कारण सांगितलं, तर मुलासाठी दुसरा, स्वस्तातला सेट आणावा लागतो, कारण मूळ सेटला मुलानं हात लावलेला भाऊंना चालत नाही. गुंतवणुकीचं कारण सांगितलं, तर एकच सेट दोनदा घ्यावा लागतो, एक जोडायला आणि एक न फोडता माळ्यावर ठेवायला. कलेचं कारण सांगितलं, तर कपाट, काच, आतले दिवे आणि धूळ झाडायचा मऊ ब्रश आलाच. गावाहून आलेली आई मात्र कारणांच्या फंदात पडत नाही. ती विचारते, "काहून रे, हे पोट्ट्याचं खेयनं हाय ना? मंग पोट्ट्याले हात काहून लावू देत नाईस?" या प्रश्नाला भाऊंकडे उत्तर नसतं. ते फक्त कपाटाची किल्ली दुसऱ्या खिशात टाकतात.

हा रोग परदेशातून आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी विदर्भातला तान्हा पोळा आठवावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली नागपुरात ही प्रथा सुरू केली असं सांगतात. हेतू सरळ होता, शेतकऱ्याच्या लेकराला बैलाचा लळा लागावा. पण पोराला ओढता येईल एवढाच बैल किती बाप घेतात? नागपूरच्या चितार ओळीत बैल पाहायला गेलेल्या बापाची नजर आधी शिंगांवर जाते, मग लाकडावर, मग शेजाऱ्यानं गेल्या वर्षी घेतलेल्या बैलाच्या उंचीवर. शेवटी घरी येणारा बैल लेकराच्या डोक्याच्या वर असतो आणि तो ओढायला काकांना बोलवावं लागतं. अशा बैलांच्या किमती काही हजारांपासून निघून लाखाच्या घरात जातात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर अशा भव्य बैलांसाठीच नावाजलेला आहे. सजावटीच्या स्पर्धेत बक्षीस लेकराच्या नावानं मिळतं, आणि छाती कुणाची फुगते ते मांडवातल्या सगळ्यांना दिसत असतं. २०१९ च्या पशुगणनेत देशातले नर गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटले. गोठ्यातला बैल ट्रॅक्टरनं नेला, बैठकीतला लाकडी बैल मात्र जागेवर आहे. तेव्हा भाऊंची वंशावळ शोधायला डेन्मार्कला जायची गरज नाही. फरक एवढाच, की लाकडी बैलवाल्या बापाचं कारण सणानं आयतं पुरवलेलं आहे आणि भाऊंना ते स्वतः घडवावं लागतं.

घडवलेल्या कारणांत गुंतवणुकीचं कारण सगळ्यात भारदस्त. त्याला पुरावाही आहे. मॉस्कोच्या दोन अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ लेगो संचांच्या किमती तपासल्या आणि उत्पादन बंद झालेल्या संचांवर वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळतो असं मांडलं. भाऊंना हा आकडा पाठ असतो. त्याच अभ्यासात काही संचांची किंमत निम्म्यावर आल्याचंही आहे, पण ते पान भाऊंच्या फोनवर उघडत नाही. ताजमहालाची गोष्ट घ्या. २००८ साली कंपनीनं सुमारे ५,९०० तुकड्यांचा ताजमहाल ३०० डॉलरला काढला, पुढे तो बंद झाला आणि न फोडलेल्या डब्यांचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले. ज्यांनी एक जोडून दुसरा माळ्यावर टाकला होता, ते दूरदृष्टीचे ठरले. मग २०१७ साली कंपनीनं जवळजवळ तोच ताजमहाल नव्या क्रमांकानं पुन्हा बाजारात आणला आणि माळ्यावरच्या दूरदृष्टीचे भाव कोसळले. शाहजहानला निदान ही भीती नव्हती. शिवाय सोनं मोडायला सराफाकडे जाता येतं, पण ताजमहाल मोडायला अमरावतीच्या सराफा लाइनमध्ये कोण घेणार? मुख्य म्हणजे भाऊ विकतच नाहीत. वीस वर्षांत विकलेल्या सेटांची संख्या शून्य असेल, तर त्याला गुंतवणूक म्हणता येत नाही. तो न फोडलेला डबा आहे, आणि डब्यातल्या ठोकळ्यांनी खेळ केला असं अजून कुणी ऐकलेलं नाही.

यावर भाऊंचे वकील म्हणतील, मनःशांतीचं काय? दिवसभर साहेबाचं ऐकून, संध्याकाळी वाहतुकीत अडकून घरी आलेला माणूस तासभर तुकड्याला तुकडा जोडत बसला तर त्याचं डोकं थंड होतं, आणि दारूच्या बाटलीपेक्षा हे कितीतरी बरं. हा आक्षेप मला मान्य आहे, अगदी पूर्ण मान्य आहे. कंपनीनंही हे हेरलं आणि २०२० पासून मोठ्यांच्या डब्यांवर '१८+' छापायला सुरुवात केली. पण शांतीच हवी असेल, तर ती ७,५४१ तुकड्यांतच मिळते आणि सहा तुकड्यांत मिळत नाही, असं का? आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते ९१,५१,०३,७६५ वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडता येतात, हे गणिती लोकांनी मोजून ठेवलंय. भाऊ त्या सहा ठोकळ्यांच्या हजारपटीहून जास्त तुकडे घेतात आणि एकाच तऱ्हेनं जोडतात, सोबतच्या पुस्तकात दिलेल्या. पान १४२ वर राखाडी पीसच्या जागी काळा बसला, तर रात्री दीडला उठून मागची चाळीस पानं उलगडतात. त्यांच्या चार वर्षांच्या पुतण्यानं सहा ठोकळ्यांतून सकाळी गाय, दुपारी ट्रॅक्टर आणि जेवताना पुन्हा गाय केलेली असते. खेळ नेमका कोण करतंय, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचे पैसे, त्याची मेहनत, तुमचं काय जातं? खरंच काही जात नाही. कुणी म्हणेल, कापसाच्या भावापायी माणसं खचतात त्या भागात ठोकळ्यांचे सत्तर हजार बरे दिसत नाहीत. पण हा न्याय लावायचा, तर आधी लग्नाच्या मांडवाला, मग वरातीच्या डीजेला आणि मग कपाटाला लावावा लागेल, आणि भाऊंचा नंबर फार उशिरा येईल. सरकारही या माणसाबाबत गोंधळलेलं आहे. २०२० च्या खेळणी गुणवत्ता आदेशाच्या व्याख्येत खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठीची वस्तू. आयात शुल्काच्या यादीत मात्र जोडणीचे संच खेळण्यांतच मोडतात, आणि खेळण्यांवरचं शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर नेलं गेलं. म्हणजे एका कागदावर भाऊ मोठे, दुसऱ्यावर लहान, आणि पैसे मात्र दोन्ही कागदांचे. घरीही त्यांची हीच स्थिती असते. बायकोसमोर किंमत निम्मी सांगायची, शुल्क गाळायचं आणि डबा मित्राच्या पत्त्यावर मागवायचा. मग त्या मित्राला हॉटेलात जेवू घालायचं. तोही कारणाचाच खर्च.

भाऊंनी आपल्याच मुलखातलं रिद्धपूर नीट आठवायला हवं होतं. मोर्शी तालुक्यातलं हे गाव आता मराठी भाषेच्या विद्यापीठामुळे चर्चेत आलं, पण त्याची ओळख तेराव्या शतकातली आहे. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू तिथं राहत आणि म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ते मनात येईल तसं खेळतात, पोरांत रमतात, हट्ट करतात. गावानं त्यांना वेडंही म्हटलं आणि मायबापही मानलं. कुठल्याही लीळेत ते आपल्या खेळाचं कारण सांगत बसलेले नाहीत. इथं लगेच कुणी म्हणेल, ज्यांना महानुभाव ईश्वर मानतात त्यांच्याशी हप्ते भरणाऱ्या नोकरदाराची तुलना शोभत नाही. बरोबर आहे, आणि ती मी करतही नाही. मी तुलना करतोय गावाची. ज्या गावानं साडेसातशे वर्षांपूर्वी एका प्रौढ पुरुषाचं खेळणं डोळ्यांनी पाहिलं, सोसलं आणि पुढे आदरानं लिहूनही ठेवलं, त्या मुलखातल्या माणसाला आज आपल्याच बैठकीत एक ठोकळा हातात घ्यायला ११ टक्के परताव्याची साक्ष काढावी लागते, हे जरा जास्तच झालं. म्हाइंभट हेही संग्राहकच होते. गावोगाव फिरून, माणसांना विचारून, एकेक लीळा खात्री करून त्यांनी जमवली. खर्च आला तो पायांना.

म्हणून भाऊंना एवढंच सांगणं आहे: सेट घ्या, पण एकच घ्या, आणि तो स्वतःच्या नावानं घरच्या पत्त्यावर मागवा. वहिनींना शुल्कासकट खरी किंमत सांगा. एक दिवस बोलतील, पण मित्राच्या जेवणाचे पैसे वाचतील. माळ्यावरचा ताजमहाल खाली काढून फोडा, पुस्तक बाजूला ठेवा आणि पुतण्याला शेजारी बसवा. त्यानं घुमटाची गाय केली, तर करू द्या.