निनादमुक्तीची तजवीज

आमच्या इमारतीतील एका संगीतप्रेमी गृहस्थांनी निजण्याच्या दहा फुटी खोलीचे ध्वनिमुद्रणालयात रूपांतर करण्याचा जो उपक्रम आरंभिला आहे, त्याची दखल सरकारदरबारी अद्याप घेतली गेली नाही, हे सरकारचेच दुर्दैव होय. प्रथम त्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटविले. परंतु त्या ट्रेंना खर्ज मुळीच जुमानत नाही हे ध्यानी येताच, दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमत राहतो असे गणित मांडून, त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत रॉकवूलचे जाडजूड खांब उभे केले. पुढे गृहिणीस आरसा हाती देऊन तो भिंतीलगत इंचाइंचाने सरकविण्याचे फर्मान सुटले, व बसल्या जागेवरून आरशात जेथे जेथे स्पीकरचे मुखदर्शन घडले, तेथे तेथे खडूची खूण करून एकेक तक्ता ठोकण्यात आला. (गृहिणीच्या मुखदर्शनाची नोंद दप्तरी आढळत नाही.) अशा रीतीने खोलीचा स्वतःचा निनाद समूळ नष्ट झाल्याची खातरजमा होताच, रोख रक्कम मोजून, एका युरोपीय कॅथीड्रलचा घुमारा संगणकाच्या सेवेत रुजू करून घेण्यात आला.

हा न्याय सर्वत्र लागू व्हावा, अशी आमची नम्र शिफारस आहे: नागरिकांनी घराच्या खिडक्या विटांनी बुजवाव्यात, आणि मगच आल्प्सच्या झुळुकीची मागणी नोंदवावी.

तूर्त एकच किरकोळ हरकत शिल्लक आहे. खांब, तक्ते व यंत्रे यांची मांडणी झाल्यावर त्या खोलीत एकच मनुष्य मावतो, आणि त्यास गाता येत नाही.