जप्तीतलं भूत

पुस्तक सव्वा महिन्यानं घरी परत आलं तेव्हा त्याला फोडणीचा वास येत होता, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी दुधाचा हिशेब मांडला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. मी अभिप्राय शोधत होतो. खरं सांगायचं तर, माझ्या अभिप्रायावरचे अभिप्राय.

२०१८ साली झी मराठीवर 'ग्रहण' चालू होतं, पल्लवी जोशीचं. रात्री तेवढ्या वेळात आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा दबून भुंकायची. सकाळी डेअरीपुढं किटल्या घेऊन उभ्या राहिलेल्या मंडळींत काल काय झालं आणि आज काय होणार याचा खल चाले, आणि त्यात मला कुणी काही विचारीत नसे. एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला हे सोसत नाही. एक दिवस मी घसा साफ करून सांगून टाकलं, "ही मालिका नारायण धारपांच्या कादंबरीवरनं घेतलीय. नावही तेच, 'ग्रहण'."

"असंल की," एकजण म्हणाला आणि किटली पुढं सरकवली.

मग मी पुस्तकच मागवलं. खाकी कव्हर घातलं. मागं दोन ताव चिकटवले, वर ठळक अक्षरांत 'वाचकांचे अभिप्राय' लिहिलं, रकाने आखले, आणि नमुना म्हणून पहिला अभिप्राय स्वतःचाच लिहिला. अकरा ओळी, शाईनं. 'भयाचे सौंदर्यशास्त्र' त्यात दोनदा आलं होतं. पुस्तक तेव्हा माझं अर्धंच वाचून झालं होतं, पण समीक्षेला तेवढं पुरतं. मग ते गल्लीत सोडलं, आधी डावी बाजू, मग उजवी.

पहिलाच अभिप्राय होता: 'पुस्तक बरं आहे. पण मालिकेसारखं नाही.'

दुसरा: 'मालिकेत जास्त दाखवलंय, लेखकानं कमी लिहिलंय.'

माझं डोकं फिरलं. तिकडं अमेरिकेत 'सुपरनॅचरल' नावाची भुतं मारत हिंडणाऱ्या दोन भावांची मालिका २००५ साली निघाली, पंधरा सीझन चालली, आणि तिच्या जिवावर मागून कादंबऱ्या निघाल्या. तिथं वाचक म्हणू शकतो की पुस्तक मालिकेसारखं नाही. इथं पुस्तक आधीचं, लेखक २००८ साली गेला, मालिका त्यानंतर दहा वर्षांनी आली, आणि आमच्या गल्लीचं म्हणणं काय, तर आजोबा अगदी नातवावर गेलेत हो!

समोरच्या वहिनींनी लिहिलं होतं: 'मधे जाहिराती नसल्यामुळे चहा टाकायला उठता आलं नाही. दोनदा दूध उतू गेलं.' त्यांच्या सासूबाईंनी सुनेकडून वाचून घेतलं आणि सुनेकडूनच लिहवून घेतलं: 'मागनं म्युझिक वाजत न्हाई त्यामुळं भ्यायचं कुठं ते कळत न्हाई.' या वाक्यापुढं माझ्या अकरा ओळी नुसत्या शाईचा अपव्यय होत्या, हे मला तेव्हाच कळलं. मान्य करायला आठवडा लागला. तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं माझ्या अभिप्रायाकडं बाण काढून लिहिलं, 'हे लई लांब हाय. हे वाचता वाचता पुस्तक ऱ्हाऊन गेलं.'

आणि एकानं नाव न घालता लिहिलं: 'आपल्याकडं असलं काय होत न्हाई.'

आता हे मात्र मला लागलं. कारण ते खरं आहे.

मराठी भुताला कोकणाशिवाय पत्ताच नाही. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आलं, सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात चित्रीकरण झालं, पुढच्या पर्वात अण्णा नाईक आणि शेवंता घराघरांत पोचले. काही कोकणवासीयांनी आमची बदनामी होते म्हणून हरकत घेतली. मला त्यांचा हेवा वाटला. भुतांवरनं बदनामी व्हायलासुद्धा नशीब लागतं. त्यांच्याकडं लाल माती, फणस, कौलं, विहिरीवर वाकलेली झाडं आणि वर देवचार. आमच्याकडं हातकणंगल्याला ऊस. जिकडं बघावं तिकडं ऊस. मुंजाला बसायला पिंपळ लागतो. आमचे पिंपळ कोल्हापूर-सांगली रस्ता रुंद होताना गेले. आसरांना शांत पाणी लागतं. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर धडधडते. आळत्याच्या रामलिंगाच्या गुहेत एखादं भूत शोभलं असतं, पण तिथं शाळांच्या सहलींची पोरं इतकी ओरडतात की वटवाघळंसुद्धा कंटाळत असतील. १८९१ पासून आम्हाला रेल्वे आहे, २००९ पासून लोकसभेचा मतदारसंघ आहे, निकालाच्या दिवशी निवेदक 'हातकणंगले' म्हणताना अडखळतात तेवढीच काय ती आमची दहशत. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे. म्हणजे अमेरिकेतलं भूत समुद्र ओलांडून महाराष्ट्रात येतं. पण कोकणातलं भूत आंबा घाट चढून हातकणंगल्याला येत नाही!

म्हणायला एक चकवा आहे आमच्याकडं. उसात शिरलेला माणूस रात्रभर तिथंच फिरतो म्हणतात. पण शेतीची लाईट येते रात्री. दोन वाजता माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो तेव्हा त्याच्या मनात चकवा नसतो. व्होल्टेज असतं. लाईट आली का, तिन्ही फेज आहेत का, आणि मोटरीतून करपल्याचा वास तर येत नाही ना! तो वास आला की भलाभला गडी बांधावर मटकन बसतो. मला वाटतं, आमची भुतं याच स्पर्धेत मागं पडली. खवीस फार तर मानगुटीवर बसेल, जळालेली मोटर हंगामावर बसते.

मोटर जळली की ती वायंडिंगला जाते. आणि इथंच माझं पाणी गढूळ होतं.

कारण पुस्तक सगळ्यात शेवटी ज्याच्याकडं गेलं होतं तो मोटर वायंडिंगवाला. कव्हरवर काळी बोटं आणि पानांना व्हार्निशचा वास. त्याचा अभिप्राय तीन ओळींचा होता, बॉलपेननं, अक्षर अजून तसंच, उजवीकडं झुकलेलं: 'ग्रहण चांगलं आहे. पण समर्थांची सर नाही. समर्थांचं अर्धंच वाचलंय.' खाली सही. सहीखाली, कुणी मागितलं नसताना: 'नववी ब.'

१९९२ साली नववी ब मध्ये भूमितीच्या पुस्तकात दडवून हा पोरगा धारप वाचत होता. समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथा. मी मागनं जाऊन पुस्तक उचललं, वर्गाला दाखवलं आणि म्हणालो, हे साहित्य नव्हे. वर्ग हसला. मला बरं वाटलं. वर्ग हसला की मला नेहमीच बरं वाटायचं.

त्या रात्री मी ते पुस्तक मच्छरदाणीत बसून दीड वाजेपर्यंत वाचलं. नंतर परसात जायची वेळ आली तेव्हा बायकोला उठवलं. "साप आहे की काय बघ," म्हणालो. तिनं कंदील माझ्या हातात दिला आणि ती पुढं झाली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत द्यायचं होतं. पण चार गोष्टी राहिल्या होत्या. त्या संपल्या तोवर आठवडा गेला, आणि आठवड्यानंतर परत देणं म्हणजे मी ते वाचलं हे कबूल करणं. पुस्तक वाचनालयाचं होतं. पोरानं दंड भरला, अनामतीतून किंमतही कापली गेली. त्यानं पुन्हा वाचनालयात नाव घातलं नाही. हे मला तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच वर्षी तालुक्याच्या एका परिसंवादात मी 'रंजनपर वाङ्मयाचा सुळसुळाट' या विषयावर बोललो. पिशवीत डबा, छत्री आणि धारप. धारपांनी शंभरावर पुस्तकं लिहिली, वाचनालयांतल्या प्रती शिवण सुटेपर्यंत फिरल्या, रात्रपाळीवाल्यांनी वाचल्या, एसटीत वाचल्या, पोरांनी भूमितीत घालून वाचल्या. आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी त्या माणसाबद्दल फळ्यावर एक ओळ लिहिली नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात 'तुंबाड' आला, तोही धारपांच्या कथेवरनं सुचलेला, आणि जो तो म्हणू लागला, आम्ही तर धारपांवरच वाढलो. मीही म्हणालो. डेअरीपुढं, मोठ्यानं. वायंडिंगवाला तेव्हा किटली घेऊन मागं उभा होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर मी ट्रंकेतून ते पुस्तक काढलं आणि त्याच्या दुकानात गेलो. तो स्टुलावर बसला होता, समोर उघडी मोटर, हातात तांब्याची तार, ओठांत पुटपुट.

"या सर. जळली काय मोटर?"

"नाही रे. मला कुठली शेती? हे द्यायचं होतं."

त्यानं हात पुसले. आधी पाठ बघितली, मग वाचनालयाचा शिक्का, मग पानं चाळत एका जागी थांबला. "हितं कोपरा दुमडला होता मी." कोपरा मी त्याच रात्री सरळ केला होता, पानं दुमडणाऱ्या पोरांना मी छड्या दिलेल्या आहेत. पण सुरकुती होती.

"तुम्ही वाचलं न्हवं सर?"

सव्वीस वर्षं तयार ठेवलेली दोन-तीन उत्तरं होती. "वाचलं," म्हणालो. "त्याच रात्री."

"भ्यालासा?"

"व्हय."

तो पहिल्यांदा हसला. मी लगेच उत्साहानं पुढची गोष्ट कशी वळण घेते ते सांगायला तोंड उघडलं, शेवटी मास्तर तो मास्तरच, तर त्यानं काळा हात वर केला. "शेवट सांगू नगासा." पुस्तक त्यानं कपॅसिटरच्या खोक्यावर, व्हार्निश लागणार नाही अशा बेतानं ठेवलं आणि तार परत हातात घेतली.

"आणि आता जावा सर. वेढं मोजायचं चुकलं की पयल्यापास्नं मोजाय लागतंय."